भांगर

तारी म्हणाला, "भांगर आसा थंय, सकयल."
मी साताऱ्याचा. मला ऐकू आलं भंगार,
आणि वहीत तसंच उतरवलं:
मानशीखाली, चिऱ्यांच्या भिंतीआड, भंगार.
धुमेबाईंनी माझ्या हातून पेन घेतलं,
ग-चा काना खोडला, भ-ला दिला.
तेवढ्यानं पाच सोन्याच्या मूर्ती झाल्या.

गोष्ट कुंभारजुव्याच्या खाडीकाठी सगळ्यांना ठाऊक:
देव होड्यांत बसून रातोरात अंत्रुजाला गेले
तेव्हा पाच बहिणी मागे राहिल्या.
कुणी म्हणे सोनाराला वेळ पुरला नाही,
कुणी म्हणे होडीत जागा नव्हती.
खात्यानं दोनदा परवानगी नाकारली.
तिसऱ्यांदा बाईंनी अर्जच केला नाही.

ओहोटीची पस्तीस मिनिटं, एवढीच आमची.
चिखल मांड्यांपर्यंत. पाय उचलला
की आतून कुणीतरी चप्पल मागून घ्यायचं.
सोयरू तारी होडीत उभा, वल्हं आडवं धरून.
पलीकडच्या काठाला एक ओंडका होता.
मी चिऱ्यांची उंची लिहिली, वर पाहिलं,
ओंडका नव्हता.
"हें ताचें घर," सोयरू म्हणाला, "आमी सोयरे."

मानशीच्या दाराजवळ भिंतीत एक भोक,
खांदे तिरके केले तर माणूस मावेल एवढं.
बाई कमरेपर्यंत आत गेल्या.
बाहेर फक्त पाय, आणि आतून आवाज:
लिही, राख. लिही, कोळसा.
लिही, भाजलेली माती, बोटभर जाड.
मग बराच वेळ काहीच नाही.

भरती लागली की मानशीचं दार आपोआप मिटतं,
शेतात खारं पाणी जाऊ नये म्हणून.
त्याला कुणी सांगावं लागत नाही.
मी घड्याळ पाहिलं तेव्हा दार निघालं होतं,
सावकाश, बाईंच्या गुडघ्यांकडे.
सोयरूनं वल्हं घातलं. वल्हं मोडलं.
मी मापाची काठी घातली, खात्याची, क्रमांक सतरा,
आणि पाण्यावर दोन बुडबुड्यांएवढे डोळे
आमच्याकडे बघत होते,
घाई नसल्यासारखे.

बाईंना ओढून काढलं. डावा पाय गेला होता,
म्हणजे होता, पण वाकडा.
हात मात्र सुटेनात: छातीशी मातीचा गोळा.
"आधी हे धर," म्हणाल्या.

बांधावर उकलला तेव्हा कळलं, साचा आहे.
आतल्या बाजूला चेहरा, पण उलटा:
नाकाच्या जागी खळगा, ओठांच्या जागी चीर,
कपाळावर टिकलीएवढं भोक.
मेण वितळून गेलेलं,
वरून काही ओतलेलंच नाही. सोन्याचा डागही नाही.
मी उभी हयात वस्तूंची चित्रं काढली,
त्या दिवशी एक पोकळी काढली, प्रमाण एकास दोन.
बाईंनी करंगळी त्या नाकात घालून पाहिली
आणि लहान मुलाला हसावं तशा हसल्या.

"मग सोनं गेलं कुठं?" मी विचारलं.
सोयरू मोडलेल्या वल्ह्याला सुंभ गुंडाळत होता.
"होडी फुकट चलना, बाबा," म्हणाला.
थोड्या वेळानं, गाठ आवळत:
"पांच खेपो केल्ल्यो म्हणटात आमच्यांनी.
देव एकाच खेपेन गेल्ले."
मी हे वहीत लिहिलं नाही.
अहवालात आहे ते एवढंच:
एक काठी गहाळ, एक वस्तू प्राप्त, माती.

पौष अमावस्येला बाई कुबडी टेकत आल्या.
सोयरूच्या वाड्यातले लोक काठावर
चिखलाची मगर थापत होते,
शिंपल्यांचे डोळे, काटक्यांचे दात,
पाठीत एक पोकळ खड्डा, त्यात अंडं.
बाई खाली वाकल्या, मापं घेतील असं वाटलं.
त्यांनी हातभर चिखल उचलला
आणि शेपटीला लावला, जिथं कमी पडत होता.

भरतीनं आधी डोळे नेले.